सासूबाईंचा नवस आणि अकरा होड्या

२६ जुलै
रक्तदाब १२८/८२, नाडी ७०.

ही वही डॉक्टरांनी रक्तदाबासाठी दिली आहे. रोज सकाळी आकडे लिहा, बाकी काही नको, असं त्यांनी बजावलंय. पण एकतीस वर्षं अथेन्सजवळच्या पिरेअसमध्ये लिफ्ट तपासनीस म्हणून काढल्यावर नुसते आकडे लिहून माझा हात थांबत नाही. आकड्याखाली शेरा लागतो.

आजचा शेरा असा की सासूबाई पोहत बेटावर जाणार आहेत.

दुपारी भेंडीची देठं काढता काढता त्यांनी हे सांगितलं. वर मान न करता. "पंधरा ऑगस्टला मी पानायियाला पोहत जाणार. नवस आहे."

पानायिया माउलीचं चर्च समोरच्या बेटावर आहे, धक्क्यापासून नऊशे मीटर. पंधरा ऑगस्टला तिचा सण, तेव्हा सगळं गाव नवे कपडे घालून होड्यांतून तिकडे प्रार्थनेला जातं. होड्यांतून.

"आई, तुमचं वय सत्त्याहत्तर," मी म्हणालो.

"माउलीला माहीत आहे. तिने हरकत घेतली नाही."

"नवस कुणासाठी?"

"ज्याच्यासाठी केला त्याच्यासाठी."

ताकाला तूर लागू दिली नाही. अटी मात्र भेंड्यांच्या ढिगावर एकेक करून ठेवल्या. धक्क्यापासून बेटापर्यंत स्वतःच्या हातापायांनी जायचं. सोबत होडी नको. वाटेत कुणी हात लावायचा नाही. मी बायकोकडे पाहिलं. आंथुला टोमॅटो किसत होती, आणि जरा जास्तच मन लावून किसत होती.

२७ जुलै
रक्तदाब १३४/८५.

रात्रभर विचार करून सकाळी आंथुलाला म्हणालो, "तुझी आई बुडेल."

"नाही बुडणार."

"तू तिला थांबव."

"मी नाही थांबवणार. आणि तूही थांबवायचं नाहीस." मग माझ्याकडे बघत उभी राहिली, काहीतरी बोलणार असं वाटलं, तेवढ्यात तिला दोरीवरचे कपडे आठवले.

नवस कुणासाठी हे मी शोधून काढलं आहे. माझा मेव्हणा स्तामातीस मेलबर्नला असतो, त्याचं कॉफीचं दुकान चालत नाही. सासूबाईंना मुलगा म्हणजे जीव की प्राण. त्याच्या दुकानासाठी एक म्हातारी बाई समुद्रात उडी घेणार आणि त्याला तिथे पत्ताही नसेल. मला वाईट वाटलं. खरं लिहायचं तर थोडा हेवाही वाटला. फेब्रुवारीत अथेन्सला माझ्या हृदयाची झडप बदलली तेव्हा सासूबाई आल्या होत्या, पण हॉस्पिटलात तासभरसुद्धा टिकल्या नाहीत. औषधांचा वास सहन होत नाही म्हणून जवळच्या चर्चमध्ये जाऊन बसल्या. ऑपरेशन संपेपर्यंत तिथेच होत्या म्हणे. ज्याचं त्याचं नाक.

पण माणूस म्हणून माझं कर्तव्य मला कळतं. माझ्या हद्दीतली एकही लिफ्ट एकतीस वर्षांत पडली नाही. माझ्या घरातली सासू बुडणार नाही. माझ्या घरातली म्हणजे तिच्याच घरातली, कारण एप्रिलपासून मी घरजावई आहे.

२९ जुलै
रक्तदाब १२६/८०.

सर्वप्रथम क्षमता तपासली पाहिजे. सासूबाई रोज सकाळी दोन मैत्रिणींना घेऊन समुद्रावर जातात. मी खडकावर छत्री उघडून, घड्याळ आणि ही वही घेऊन बसलो. काळ्या पोहण्याच्या कपड्यांतल्या, गवती टोप्या घातलेल्या तीन बायका गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. पंच्याण्णव मिनिटं उभ्या होत्या. त्यात गावातली दोन लग्नं मोडली, एक जमलं, एका सुनेच्या हातची पालक भरलेली पाई कच्ची ठरली. पोहून कापलेलं अंतर शून्य मीटर.

जेवताना मी आकडे वाचून दाखवले. म्हणालो, "आई, गप्पा मारून नऊशे मीटर कापता येत नाहीत."

त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "जावईबापू, उंटावरून शेळ्या हाकू नका. पाण्यात या."

संध्याकाळी मी पाण्यात गेलो. कमरेपर्यंत. त्याच्या पुढे मी जात नाही, लग्नाआधीपासून जात नाही.

१ ऑगस्ट
रक्तदाब १३८/८८.

नवा घोटाळा. आजपासून माउलीचे उपास. चौदा दिवस मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, मासे नाहीत, आणि शनिवार-रविवार सोडला तर तेलसुद्धा नाही. वर्षातलं सगळ्यात लांब पोहणं ही बाई उकडलेल्या चवळीवर करणार.

मी सकाळभर डोकं लावलं. दुपारी धक्क्यावर मच्छीमार मांथोस होडीच्या काठावर ऑक्टोपस आपटत बसला होता, तेव्हा उत्तर मिळालं. ऑक्टोपसला लाल रक्त नाही, म्हणून तो उपासाला चालतो. मी दोन घेतले. सासूबाई बघून म्हणाल्या, "हे काय?"

"ताकद येईल. रोज दोनशे ग्रॅम."

"रोज?"

"पंधरा तारखेपर्यंत."

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. माझ्यासाठी की ऑक्टोपससाठी ते कळलं नाही.

३ ऑगस्ट

शहरातून मागवलेला नारिंगी फुगा आला. पोहणाऱ्याने कमरेला बांधायचा, मागे तरंगत राहतो, दुरून दिसतो, दमलं की धरता येतो. उत्तम वस्तू. कधी नव्हे ते उत्साहाने मी तो फुगवून जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"भोपळा?" सासूबाई म्हणाल्या. "भोपळा बांधून पोहायला मी काय पाच वर्षांची आहे?"

"आई, स्पीडबोटीवाल्यांना तुम्ही दिसाल तरी."

"मी सत्तर वर्षं या पाण्यात जातेय. ज्याला दिसायचं त्याला दिसते."

फुगा आता अंगणात आहे. मांजर त्याच्यावर झोपतं. रक्तदाब घ्यायचा राहिला, घेतला नाही तेच बरं.

४ ऑगस्ट
रक्तदाब १३१/८४.

गावच्या धर्मगुरूंकडे, पापा-थिमिओसांकडे गेलो. ते चर्चच्या मागे टोमॅटोला पाणी घालत होते, झगा कमरेला खोचून. मी त्यांना लेखी प्रश्न दिले. सोबत होडी नको, म्हणजे किती मीटरपर्यंतची होडी सोबत धरायची? दहा? पन्नास? हात लावायचा नाही, म्हणजे वल्हं लावलं तर चालेल का?

त्यांनी कागद दोनदा वाचला. "आर्गिरी, नवस तिने केलाय, माउलीने ऐकलाय. मी मध्ये बोलणारा कोण?"

"पण पापा, तुम्ही अधिकृत आहात."

"अधिकृत." त्यांनी दाढी खाजवली. मग नळ बंद केला आणि वाफ्याच्या कडेला बसले. "असं बघ. एखादी होडी तिच्यासाठी निघाली, तर ती तिच्यासोबत आहे. एखादी होडी मासे पकडायला आधीपासून तिथे उभी असेल, तर ती माशांसोबत आहे. पटतंय?"

मला इतकं पटलं की मी त्यांचा हात चुंबायला विसरलो आणि अर्ध्या वाटेतून परत गेलो. ते अजून बसूनच होते आणि खांदे हलवत हसत होते. देवाच्या माणसाला इतकं प्रसन्न मी कधी पाहिलं नव्हतं.

६ ऑगस्ट

आज येशूच्या रूपांतराचा सण, म्हणून एका दिवसापुरते मासे चालतात. मी सकाळी जाऊन तांबड्या माशांतले चार चांगले बघून आणले. सासूबाईंच्या पानात तीन वाढले, त्यांनी त्यातले दोन उचलून माझ्या पानात टाकले.

"आई, पोहायचं तुम्हाला आहे."

"तू खा. छातीला टाके तुझ्या आहेत."

टाके फेब्रुवारीतच गेले. त्यांना कोण सांगणार? या घरात मी अजून आजारी माणूस आहे आणि सत्त्याहत्तर वर्षांची बाई पोहायला निघालेली आहे. खाल्ले दोन्ही मासे.

८ ऑगस्ट
रक्तदाब १२४/७९. फार दिवसांनी इतका चांगला.

योजना मंजूर झाली. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात मच्छीमारांची बैठक घेतली. भिंतीवर मी स्वतः काढलेला नकाशा लावला. धक्क्यापासून बेटापर्यंत अकरा ठिपके, प्रत्येक ठिपक्यावर एक होडी, दोन होड्यांत पंचाहत्तर मीटर. कुणीही तिच्याजवळ जायचं नाही, नुसतं गळ टाकून बसायचं. माझी शिट्टी वाजली तरच तिला उचलायचं. पंधरा तारखेला सकाळी सहा वाजता हजर, ती प्रार्थनेआधी पोहोचेल, उत्तरेचा मेल्तेमी वारा उठायच्या आत.

मांथोसने विचारलं, "पंधरा ऑगस्टला मासेमारी?"

"हो."

"माउलीच्या दिवशी?"

"हो. मग काय झालं?"

त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीच्यांनी कपांत पाहिलं. "बरं," तो म्हणाला, "मासेमारी तर मासेमारी."

या अकरा जणांचं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही. धक्क्यावरच्या दिव्याचा रंग ठरवायला त्यांना दोन वर्षं लागली. आणि आज दहा मिनिटांत सगळ्यांचे हात वर. मी डिझेलचं विचारलं तर मांथोसने हात झटकला. "तुझ्यासाठी एवढंही नाही करणार होय, पिरेअसवाल्या? फ्रोसोकाकींचा हा नवस म्हणजे गावाचाच." नकाशा नीट काढला की माणसांना विश्वास वाटतो, हे मी नोकरीतही पाहिलं होतं.

१० ऑगस्ट
रक्तदाब १५१/९४.

आज गच्चीवरून दुर्बिणीने पाहिलं. सासूबाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी पाण्यात उतरल्या, बोलत बोलत पुढे गेल्या, आणि पुढेच जात राहिल्या. तीन टोप्या पिवळ्या बोयापर्यंत गेल्या, वळसा घालून परत आल्या. बोया चारशे मीटरवर आहे. डोकं वर, तोंड चालू.

म्हणजे एकोणतीस तारखेला मी ज्या तीन टोप्या मोजल्या त्या दुसऱ्याच तीन बायकांच्या होत्या. या गावात साठीपुढची प्रत्येक बाई पाण्यात सारखीच दिसते. आणि सासूबाईंनी माझा अहवाल पूर्ण ऐकून घेतला, वर मीठही मागितलं, पण चूक दाखवली नाही.

मी आंथुलाला हे सांगितलं. ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. "अरे, तिने मला पोहायला शिकवलं. बाबांनासुद्धा तिनेच."

"मला का नाही शिकवलं?"

"तू कमरेच्या पुढे आलास कधी?"

१२ ऑगस्ट

दोन दिवस मेल्तेमी सुटला आहे. दारं आपटतात, अंगणातला फुगा उडून शेजारच्या कोंबड्यांत गेला. खाडीत सगळीकडे पांढरं पाणी. बोयापर्यंत जाणं वेगळं, तो आडोशाला आहे. बेटाची अर्धी वाट उघड्यावर आहे, तिथे उत्तरेचा वारा सरळ अंगावर येतो. मला भीती वाटते. हे कुणापाशी बोललो नाही म्हणून इथे लिहितो. लिफ्टला दोरखंड असतो, तो तुटला तर पकड असते, पकड सुटली तर खाली स्प्रिंग असते. समुद्रात खाली काही नसतं.

या बाईला मी ओळखतो तरी कितपत? तेहतीस वर्षं झाली, आमचं बोलणं म्हणजे त्यांचा टोमणा आणि माझा शेरा. एप्रिलमध्ये मी इथे आलो तेव्हा मला जिना चढवत नव्हता. त्यांनी त्यांची खालची खोली मला दिली आणि स्वतः वर गेल्या. बावीस पायऱ्या. अजून वरच झोपतात. वर वारा चांगला येतो म्हणतात. असेलही, म्हाताऱ्या माणसांना वाऱ्याचं कौतुक असतं.

आज मी त्यांना सरळ विचारलं, "आई, नवस पुढच्या वर्षी फेडला तर?"

"उधारी देवाशी करत नाहीत," त्या म्हणाल्या आणि मला गोळ्या घेतल्यास का विचारलं.

१४ ऑगस्ट
रक्तदाब १४६/९२.

वारा दुपारी पडला. मांथोस म्हणतो, उद्या नऊपर्यंत समुद्र तेलासारखा राहील. त्याच्या गुडघ्याचा अंदाज आहे. सरकारी हवामानखातंही साधारण तेच म्हणतं, पण गावात गुडघ्याला जास्त मान आहे.

सासूबाई उद्या प्रसाद घेईपर्यंत पाणीसुद्धा पिणार नाहीत. जेवल्यावर तीन तास पाण्यात जायचं नाही या नियमासाठी मी वेळापत्रक केलं होतं, ते फाडलं. आता पोटात काहीच नाही हीच काळजी.

शिट्टी गळ्यात अडकवून पाहिली. आंथुला म्हणाली, "तू ती वाजवलीस तर आई तुझ्याशी परत बोलणार नाही."

"आणि नाही वाजवली, आणि काही झालं तर?"

"तर मी बोलणार नाही." ती हे हसत म्हणाली, पण रात्री झोपताना माझा हात धरून झोपली.

१५ ऑगस्ट

रक्तदाब घेतला नाही. घेण्यासारखा नव्हता.

सहाला पाच कमी असताना सासूबाई धक्क्याच्या पायऱ्यांवर आल्या. काळा पोहण्याचा पोशाख, गवती टोपी, गळ्यात क्रूस. चपला पायरीवर नीट जोडून ठेवल्या, तीनदा क्रूस केला आणि पाण्यात उतरल्या. मी मांथोसच्या होडीत होतो, सहाव्या ठिपक्यावर, पडू नये म्हणून पोटाला सुती दोर बांधून बसलेला. पाणी खरंच तेलासारखं होतं. अकरा होड्या, अकरा गळ, सगळे नकाशाप्रमाणे. मला अभिमान वाटला, तो साधारण सात मिनिटं टिकला.

पहिल्या होडीपाशी आल्यावर सासूबाई थांबल्या. पाण्यात उभ्याच राहिल्या म्हणायला हवं. त्यांचा आवाज खाडीवर स्वच्छ ऐकू येत होता. "लाज नाही वाटत? माउलीच्या दिवशी गळ? तुझ्या आजोबाने या दिवशी कधी जाळ्याला हात लावला होता का?"

होडीतला माणूस म्हणाला, "नाही काकी."

"आमिष तरी लावलंयस?"

"नाही काकी."

"मग इथे काय करतोयस?"

"मासे पकडतोय, काकी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पंधरा ऑगस्टला इथे कुणी मासे पकडत नाही, हे अगदी शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तेहतीस वर्षं या गावचा जावई असून मला ठाऊक नव्हतं. मी मांथोसकडे पाहिलं. तो क्षितिजाकडे पाहत होता.

"तू सांगितलं का नाहीस?"

"तू नकाशा काढला होतास," तो म्हणाला. "इतका छान."

पुढच्या प्रत्येक होडीला सासूबाईंनी तसंच झापलं. त्यात भर म्हणजे आमचे लोक गप्प बसणारे नव्हेत. "काकी, डावीकडे घ्या." "डावीकडे कशाला, तिकडे प्रवाह आहे, उजवीकडे." "तू काय सांगतोस, तुझा बाप तरी कधी डावीकडून गेला का?" दोन होड्यांत जुंपली. सासूबाई मधून सरळ गेल्या.

आमच्या होडीपाशी आल्या तेव्हा अर्धा तास झाला होता, अर्धी वाट झाली होती. चेहरा लाल, पण श्वास शांत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या गळाला दोराच नाही." खरंच नव्हता. काठीच तेवढी होती.

त्या पुढे गेल्या आणि वारा आला.

मांथोसने गुडघ्याला हात लावला, पण आता त्याचा उपयोग नव्हता. आधी पाण्यावर काळपट सुरकुत्या पडल्या, मग उत्तरेकडून लाटा यायला लागल्या, आखूड आणि उभ्या. सासूबाईंची टोपी उडाली. त्यांचं पांढरं डोकं मला दिसे, मग दिसेना, मग परत दिसे. त्या बेटाकडे तोंड करून हात मारत होत्या, पण सरकत होत्या दक्षिणेकडे, उघड्या समुद्राकडे. एक लाट त्यांच्या तोंडावर फुटली आणि त्या खोकल्या. तो खोकला मी अजून ऐकतोय.

मी शिट्टी तोंडात धरली.

त्यांनी ते पाहिलं. एवढ्या पाण्यातून पाहिलं. "आर्गिरी," त्या ओरडल्या, "ती खाली ठेव."

मांथोस म्हणाला, "वाजव. वाजवायची तर आता." त्याचे हात इंजिनावर होते.

वाजवली असती तर अकरा होड्या धावल्या असत्या आणि दोन मिनिटांत सासूबाई होडीत असत्या, कोरड्या आणि जिवंत. योजना तीच होती. आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्या घाबरल्या होत्या. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. पण भीती पाण्याची नव्हती, माझ्या तोंडातल्या त्या शिट्टीची होती. माझं काळीज इतकं धडधडत होतं की नवी झडप कानात वाजत होती.

"मांथोस," मी म्हणालो, "वारा अडवता येईल?"

"वारा?"

"होड्या तिच्या उत्तरेला लावल्या तर. एकीला एक बांधून. भिंतीसारख्या."

त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग उभा राहून दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडला. काय ओरडला ते लिहिण्यासारखं नाही, पण त्या माणसांनी त्या वेळी वाद घातला नाही. गळाच्या काठ्या टाकल्या, इंजिनं सुरू केली, पुढच्या होडीचा दोर मागच्या होडीच्या नाकाला. अकरा होड्या एका रांगेत, सासूबाईंपासून तीस मीटरवर, वाऱ्याकडे कूस करून. लाटा होड्यांवर आपटत होत्या, आम्ही सगळे भिजलो, मी दोनदा ओकलो. पण रांगेच्या आडोशाला पाणी शांत झालं. सपाट नाही, तरी माणसाचं डोकं वर राहील इतकं.

धक्क्यावरून पापा-थिमिओसांची मोठी होडी निघाली होती, गावातली सगळी माणसं, बायका नव्या कपड्यांत, आंथुला सगळ्यात पुढे उभी. त्यांनी आमची रांग पाहिली आणि न विचारता शेवटी येऊन जोडून घेतलं. पापांनी झगा सांभाळत दोर पकडला.

सासूबाई हात मारता मारता चिडल्या होत्या. "मी म्हटलं होतं सोबत होडी नको."

"आम्ही तुमच्यासोबत नाही, आई," मी ओरडलो. "आम्ही वाऱ्याला अडवतोय. वाऱ्याबद्दल नवसात काही नव्हतं."

त्या पापांकडे वळून म्हणाल्या, "पापा?"

"नव्हतं, फ्रोसो," पापा म्हणाले. "पोह."

पुढचे चारशे मीटर अख्खं गाव त्यांच्या वेगाने सरकलं. कुणी डावं-उजवं सांगितलं नाही. इंजिनांची धडधड आणि मधून मधून त्यांचा श्वास, एवढंच. मी मनात हात मोजत होतो, चारशे दहापर्यंत मोजले, मग डोळ्यांत खारं पाणी गेलं आणि आकडा चुकला.

बेटाच्या दगडाला त्यांचा हात लागला तेव्हा सात वाजून आठ मिनिटं झाली होती. त्या चार पायांवर वर चढल्या, बसल्या, आणि मग उठून सरळ चर्चमध्ये गेल्या, पाणी निथळत. आंथुला कोरडे कपडे घेऊन मागून पळाली. प्रार्थनेला दोन तास लागले. गर्दीमुळे मी बाहेरच होतो, भिंतीला टेकून.

परतताना त्या मांथोसच्या होडीत आमच्याबरोबर बसल्या, घोंगडी पांघरून, हातात प्रसादाचा पाव. वारा तसाच होता, पण आता मला काही वाटत नव्हतं. माझ्यातलं सगळं भय सकाळीच संपलं होतं, राहिला होता तो राग. बोललोच मी. म्हणालो, "आई, झालं ना मनासारखं? आता स्तामातीसचं दुकान तरी चालेल."

त्यांनी पावाचा तुकडा तोंडाशी नेता नेता थांबवला. "स्तामातीस? त्याला काय धाड भरलीय?"

"मग नवस कुणासाठी होता?"

आंथुलाने तोंड फिरवलं. मांथोस इंजिनावर वाकला, त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

सासूबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, ओकलेल्या शर्टासकट. "सहा तास," त्या म्हणाल्या. "सहा तास तुला उघडून ठेवला होता त्यांनी. बाहेर येऊन कुणी सांगेना. माझी पोर भिंतीला डोकं लावून उभी. मी तरी काय देणार होते माउलीला? माझ्याकडे आहे काय? पोहता येतं, तेवढंच."

शेरा सुचला नाही. नाक वाहायला लागलं तर त्यांनी घोंगडीचं टोक पुढे केलं, आणि मी लहान पोरासारखं त्यात नाक पुसलं.

मग त्यांनी पाव मोडून अर्धा माझ्या हातात दिला. "आता नीट ऐक. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, जिना हळू चढायचा. परत आजारी पडू नकोस, आर्गिरी. मला दुसऱ्यांदा एवढं पोहवणार नाही."

मी बरं म्हणालो आणि पाव खाल्ला.